दिसणारा रफू

“लाल?” घाडींनी विचारलं.

“लाल, काका. एकदम टोमॅटोसारखा.”

“आणि कापड पांढरं.”

“हो.”

“मग तो दिसेल.”

“दिसायलाच हवाय,” मनवा म्हणाली. “बघणारी पोरं चार-पाच वर्षांची आहेत. धागा कुठून आला, कुठे गेला, त्यांना कळलं पाहिजे ना.”

घाडींनी टेबलावरची भरतकामाची रिंग उचलली. तिच्यात पांढरं मलमल ताणून बसवलं होतं आणि मधोमध एक भोक होतं.

“हे कशानं फाटलं?”

“कात्रीनं. मीच पाडलं, आत्ता.”

घाडींनी रिंग उलटी करून पाहिली. उंदरानं कुरतडलेलं, सिगारेटनं जळलेलं, खिळ्याला अडकलेलं, भर मांडवात उदबत्ती टेकलेलं, असं सगळ्या तऱ्हेचं कापड त्यांच्या हातांखालून गेलं होतं. चांगल्या कापडाला आपल्या हातानं भोक पाडून मग ते भरायला सांगणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

मनवा संग्रहालयासाठी छोट्या फिल्म करायची. शिवडीच्या एका जुन्या कापसाच्या गोदामात हे कापडाचं संग्रहालय उघडलं होतं आणि दर रविवारी सकाळी तिथे लहान मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना सतरंजीवर बसवून तीन-चार मिनिटांच्या फिल्म दाखवत. रेशमाचा किडा, निळीचं पिंप, हातमाग. फिल्ममध्ये कोणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मनवाचा एक कुर्ता कधीतरी फाटला होता. तो तिनं घाडी बसत त्या, गिरगावातल्या हितेंद्रच्या लाँड्रीत दिला आणि परत आल्यावर, भोक होतं कुठे, हे काही केल्या तिला सापडेना. तेव्हापासून रफूची फिल्म तिच्या डोक्यात होती. अडचण एवढीच की शेवटी काहीच दिसलं नाही, तर मुलांना वाटेल, हे आजोबा नुसतेच बसलेत.

“माझा चेहरा येणार?”

“नाही. आमच्या सगळ्या फिल्ममध्ये फक्त हात असतात.”

“आणि नाव?”

“नाव शेवटी येईल. आभारात.”

“ते नको घालू.”

“का, काका?”

“आमच्या धंद्यातली माणसं बघतील,” घाडी म्हणाले. म्हणाले हसत, पण ते खरं होतं.

वसंत घाडी वयात आले ते गिरणीच्या फोल्डिंग खात्यात. विणताना कापडात राहिलेले दोष हातानं भरायचे, हे तिथलं काम. ते आणि त्यांचा मित्र आनंदा एकाच जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली शिकले. जॉबर भरलेल्या जागेवर डोळे मिटून अंगठा फिरवायचा आणि अंगठा अडखळला तर तोच अंगठा पोराच्या डोक्यात मारायचा. संपानंतर गिरणी बंद पडली. आनंदा दादरला एका शिंप्याच्या ओट्यावर जाऊन बसला आणि घाडी गिरगावात, हितेंद्रच्या वडिलांच्या लाँड्रीत, जिन्याखाली. तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. गिऱ्हाईक कोट उजेडात धरायचं, उलटसुलट करायचं आणि शेवटी विचारायचं, “कुठे होतं हो?” या एका प्रश्नासाठी माणूस दिवसभर मान मोडून बसायचा. त्याहून मोठी शाबासकी या धंद्यात नव्हती.

तरी त्यांनी मनवाला नाही म्हटलं नाही. त्याला कारण होतं आणि ते त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

वर्षभरापूर्वी गडद कापडाचे धागे एकमेकांत मिसळू लागले होते. आधी त्यांना वाटलं, बल्ब जुना झाला. बल्ब बदलला. मग वाटलं, चष्मा. चष्मा बदलताना दुकानदारानं त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. काचबिंदू आहे, डॉक्टर म्हणाला. आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येत नाही. रोज थेंब घालायला सांगितले. थेंबांची बाटली घाडी सुयांच्या डब्यात ठेवत आणि दुपारी लाँड्रीत कोणी नसताना डोळ्यांत घालत. मुलीनं, पूर्वीनं, एकदा विचारलं होतं, “बाबा, डोळे लाल का?” धूळ, म्हणाले. मुंबईत हे उत्तर कोणालाही पटतं.

मनवानं दिवे लावले. मोठे, पांढरे दिवे. घाडींनी रिंग मांडीवर घेतली, लाल धागा ओढला आणि पहिला टाका घातला. मग ते थांबले.

“काय झालं, काका?”

“काही नाही.”

धागा दिसत होता. पांढऱ्यावर लाल. वरून गेला, खालून गेला, एक सोडून पुन्हा वर. किती महिन्यांनी त्यांना आपलं काम दिसत होतं. आधी उभे धागे झाले, मग आडवे. हात आपोआप चालू लागले. मनवानं मध्ये कधीतरी “कट” म्हटलं, कॅमेरा बंद केला, घाडी भरतच राहिले. सगळं झाल्यावर त्यांनी अंगठा फिरवला. अंगठा अडखळला नाही.

“आणखी एक करायचा असेल तर करू,” ते म्हणाले.

“झालं की, काका. मस्त आलाय.”

“तरी. म्हणजे लागला तर.”

इथेच घोटाळा झाला. त्या दिवशी शिवडीहून परतताना घाडींना वाटलं, थेंब लागू पडले. डॉक्टर काही देव नव्हे.

लाँड्रीत देसाई वकिलांचा काळा कोट कितीतरी दिवस टांगून होता. कोपराशी फाटला होता. “धागा जुळत नाय,” असं घाडी हितेंद्रला सांगत आले होते. खरं तर धागा जुळायचा प्रश्नच नव्हता. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि तेच कोपरात भरायचे, ही त्यांची रीत. हितेंद्रला ती माहीत होती. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या घाडींनी कोट मागितला.

“आज मूड लागला काय, काका?” हितेंद्र म्हणाला. “वकीलसाहेब रोज फोन करून डोकं खातायत. म्हणतात, कोर्टात काय स्वेटर घालून जाऊ?”

काळ्यावर काळा. दिसलं काहीच नाही. पण हात कालचेच होते आणि कालचा भरवसाही होता. घाडींनी बोटांनीच भरायला घेतलं. खालून, वरून, एक सोडून. निदान त्यांना तसं वाटलं. संध्याकाळी कोट हितेंद्रच्या टेबलावर ठेवला तेव्हा बोटांना सगळं सपाट लागत होतं. बोटंही दिवसभर वाकून बधिर झाली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

हितेंद्रनं कोपरावर वाफेची इस्त्री फिरवली. फिरवून उचलली आणि तसाच उभा राहिला. वाफेनं भोवतालचं कापड बसलं होतं आणि भरलेली जागा फोडासारखी वर आली होती. मधले धागे सुटले होते, कडेचे ओढले गेले होते.

“काका, हे तुम्हीच केलं ना?”

घाडींनी तिथे अंगठा ठेवला. मग काढला.

“मी उसवतो. परत करतो.”

“राहू द्या.”

“उद्या सकाळच्या उजेडात करतो रे.”

“राहू द्या ना, काका,” हितेंद्र म्हणाला आणि कोट घडी करून त्यानं टेबलाखाली ठेवला.

देसाई वकील आले तेव्हा घाडी जिन्याखाली एका शर्टाची कॉलर घेऊन बसले होते. पुढे चाललेलं सगळं बोलणं त्यांना ऐकू येत होतं.

“सॉरी, साहेब,” हितेंद्र सांगत होता. “मिस्टेक आपली आहे. इस्त्री जास्त तापली, कापड ओढलं गेलं.”

“अरे, मग घाडींना द्यायचा ना! त्यांनी असा केला असता की मला शोधावा लागला असता.”

“त्यांच्याकडे जायच्या आधीच झालं, साहेब. आपण दुसरा शिवून देऊ.”

“कमाल आहे तुझी. तुझे वडील असते तर…”

“बरोबर आहे, साहेब.”

वकील बराच वेळ बोलत राहिले आणि हितेंद्र सगळ्याला “बरोबर आहे” म्हणत राहिला. घाडींना उठून पुढे जायचं होतं. चार पावलांवर टेबल होतं. त्यांनी सुई कॉलरमध्ये खुपसली, काढली, पुन्हा खुपसली. वकील गेले. हितेंद्र आत आला नाही. त्यानं रेडिओ लावला.

त्यानंतर जिन्याखाली फक्त पांढरे आणि फिके कपडे येऊ लागले. काळं, निळं, गडद तपकिरी काही आलं की हितेंद्र ते गुपचूप पिशवीत घालायचा आणि येता-जाता दादरला आनंदाकडे टाकायचा. घाडी येतील ते फिके कपडे भरत राहिले.

फिल्म तयार झाल्याचा फोन घरी आला. तो सीमानं, घाडींच्या बायकोनं घेतला आणि मग काही लपून राहिलं नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतून ती मंडळी नुकतीच नव्या टॉवरमध्ये राहायला गेली होती. चाळीत दार उघडं टाकलं की बातमी आपोआप जायची. इथे सीमाला लिफ्टनं वर-खाली करावं लागलं. तिनं ते केलं.

“ह्यांचो सिनेमा लागलो,” ती सगळ्यांना सांगून आली.

“सिनेमा नव्हे गो. तीन मिनिटांचा आहे.”

“मग? जाहिरात अर्ध्या मिनिटाची असते, तरी त्यातल्या बाईला सगळे ओळखतात.”

“माझा चेहराच नाय त्यात.”

“चेहरा नाय?” सीमा थांबली. “मग काय आहे?”

“हात.”

“चलता. हात तर हात. बाकीचो माणूस मी बघतंय रोज.”

रविवारी शिवडीच्या संग्रहालयात मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त झाली. बीडीडीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून आल्या होत्या आणि सतरंजीवर गुडघे दुमडून बसायला कुरकुरत होत्या. पूर्वी आईच्या शेजारी बसली. दादरहून आनंदाही आला होता. त्याला सीमानंच फोन केला होता. घाडींनी त्याला दारात पाहिलं आणि ते पटकन सतरंजीकडे वळले.

“काय हिरो!” आनंदानं त्यांच्या पाठीत थाप मारली. “ती फिल्मवाली पोरगी सांगत होती, लाल धाग्यान भरलंस?”

“त्यांना तसाच हवा होता.”

“जॉबर असतो तर भिंतीत डोक्या आपटल्यान असता तुझा.”

“गप बस. सुरू होतंय.”

पडदे ओढले. आधी रेशमाचा किडा झाला. मग पांढरा पडदा भरून दोन हात आले. एकेक बोट माणसाएवढं. नखांच्या कडेच्या भेगा, मधल्या बोटावरचा घट्टा, सगळं दिसत होतं. बायकांत कुजबुज झाली.

“ह्यो आमच्या वशाभावजींचो हात?”

“मग काय तुझ्या घोवाचो?”

मुलं मात्र हातांकडे बघत नव्हती. ती भोकाकडे बघत होती. लाल धागा भोकाच्या एका काठावरून निघाला आणि पलीकडच्या काठाला पोचला तेव्हा एक मुलगा ओरडला, “पूल!” मग प्रत्येक धाग्याला सगळी ओरडू लागली. आडवे धागे सुरू झाले तशी ती गप्प झाली. वर, खाली, वर, खाली. पुढच्या रांगेतली दोन मुलं सुईबरोबर माना हलवत होती. शेवटचा धागा ओढला गेला आणि कोणीतरी हळूच म्हणालं, “गेलं. भोक गेलं.”

जागा लालभडक दिसत होती. खोलीतल्या शेवटच्या माणसालाही दिसत होती.

“वश्या,” आनंदा कानाशी पुटपुटला, “ह्यो रफू आंधळ्याक पण दिसतलो रे.”

घाडी हसले नाहीत. आनंदाला वाटलं, राग आला.

पुढची फिल्म सुरू व्हायच्या आधी मनवा पडद्यासमोर आली. दिलेला शब्द तिनं पाळला होता, घाडींचं नाव कुठेच घातलं नव्हतं. “हे हात कोणाचे असतील बरं?” एवढंच तिनं मुलांना विचारलं.

“ह्यांचे!” सीमा मागून उभी राहून म्हणाली. “हे काय, इथं बसलेत!”

सगळी मुलं वळली. मग उठलीच. घाडी सतरंजीवर होते आणि चारी बाजूंनी गुडघे, वेण्या, पाण्याच्या बाटल्या. मनवाला आनंद झाला. तिनं कपाटातून रिंग आणली, नवं मलमल, नवं भोक, लाल धाग्याचं रीळ. “काका, एकच! दोन धागे नुसते. त्यांना जवळून बघू दे.”

पडदे ओढलेलेच होते. वरचा एक पिवळा दिवा चालू होता. घाडींनी सुई घेतली, धाग्याचं टोक दातांनी सरळ केलं आणि ओवायला गेले. टोक सुईच्या बाजूनं गेलं. पुन्हा गेले. पुन्हा बाजूनं.

“थुंकी लावा,” एक मुलगी म्हणाली. “माझी आजी लावते.”

बायका हसल्या. घाडींनी थुंकी लावली. टोक बाजूनं गेलं.

आता कोणी हसलं नाही. मुलांना घाई नव्हती, ती वाट बघत होती. घाडींनी मान वर केली. मुलांच्या डोक्यांवरून त्यांना आनंदाचा पांढरा शर्ट दिसला, चेहरा दिसला नाही.

“आनंदा, हय ये.”

“काय रे?”

“तू कर. माका दिसणा नाय.”

“थांब, मोठी लायट लावूक सांगतंय.”

“लायटीन होवचा नाय. काचबिंदू हा.” घाडींनी सुई पुढे धरली. “वकिलाचो कोट इस्त्रीन नाय जळलो. तो माझ्या हातान गेलो.”

कुठला वकील, कसला कोट, तिथे कोणालाच माहीत नव्हतं. आनंदाही नुसता बघत राहिला. पूर्वी अर्धवट उठली. सीमानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. ती स्वतः कुठेच बघत नव्हती. मांडीवरची पर्स नीट करत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

आनंदा मुलांमधून वाट काढत आला. बसताना त्याचे गुडघे वाजले. त्यानं सुई घेतली, लाल धागा ओवला, रिंग मांडीवर टेकवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच, चारचौघांसमोर, दिसेल असा टाका घातला.

मुलं आनंदाभोवती सरकली. घाडी मागे राहिले. थुंकी लावा म्हणणाऱ्या मुलीला पुढे जागा मिळाली नव्हती. ती त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर उभी राहून बघत होती.

“तुम्हाला खरंच दिसत नाही?”

“इथून नाही.”

“मी सांगू?”

“सांग.”

“सुई खाली गेली. आता वर आली. आता परत खाली.”

“एक धागा सोडून जाते ना?”

मुलीनं मान उंचावून पाहिलं. “हो. एक सोडून. तुम्हाला कसं कळलं?”

“पुढे सांग,” घाडी म्हणाले. ती सांगत राहिली, खाली, वर, खाली. घाडी मांडी घालून, हात मांडीवर ठेवून ऐकत होते. मग आडवे धागे सुरू झाले असावेत, कारण मुलगी बघण्यात गुंगली आणि सांगायचं विसरली. घाडींनी तिला आठवण केली नाही. ती पुन्हा बोलेपर्यंत ते तसेच थांबून राहिले.